बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये टीमच्या मालकांना जागा असावी का?

एडिसनचा_बाबा:

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन कूपर्सटाउनला बेसबॉलचं हॉल ऑफ फेम बघून आलो. आमच्या इथून चारेक तासांचा ड्राइव्ह आहे, शेवटचा टप्पा तर सगळा शेतं आणि तळ्याकाठचा. मुलगी अकरा वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते, कॅचर आहे, त्यामुळे बरेच दिवस मागे लागली होती.

फलकांच्या मोठ्या दालनात आम्ही चांगले दोन तास होतो. लाकडी भिंतींवर ओळीने ब्राँझचे फलक लावलेत, वर चेहरा, खाली नाव, कुठल्या टीमकडून कुठल्या वर्षी खेळला ते, आणि मग चार-पाच ओळींत केलेली कामगिरी. लेक प्रत्येक फलकापुढे थांबून आधी पोझिशन शोधायची, कॅचर असला की मला हाक मारायची. असं करत करत ती टॉम यॉकीच्या फलकापुढे आली आणि म्हणाली, बाबा ह्याच्या डोक्यावर टोपी नाहीये, हा कुठे खेळायचा? मी म्हटलं हा खेळायचा नाही गं, हा बोस्टन रेड सॉक्सचा मालक होता. तर ती म्हणाली, मग ह्याने काय केलं?

मला खरंच उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन वाचायला बसलो तर उत्तर द्यायचं राहिलं तेच बरं झालं असं वाटलं. यॉकीने १९३३ ला टीम घेतली, वय तीस, वारशाने आलेला बक्कळ पैसा. १९७६ ला वारला तोपर्यंत टीम त्याच्याकडेच. एवढ्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांत एकही वर्ल्ड सिरीज जिंकली नाही, १९४६, १९६७ आणि १९७५ ला फायनलला जाऊन तिन्ही वेळा सातव्या मॅचला हरले. बरं हरणं-जिंकणं सोडा. एप्रिल १९४५ मध्ये, मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना घेत नव्हते तेव्हा, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू रेड सॉक्सच्या फेनवे पार्कात ट्रायआउटला आला होता, त्याच्यासोबत सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्सही होते, आणि ह्या लोकांनी त्यांच्यातल्या एकालाही घेतलं नाही. पुढे दोनच वर्षांत रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये खेळला आणि सगळा इतिहास बदलला. रेड सॉक्समध्ये पहिला काळा खेळाडू, पम्पसी ग्रीन, आला तो १९५९ च्या जुलैमध्ये, मेजर लीगच्या सगळ्या टीममध्ये सर्वात शेवटी, रॉबिन्सननंतर बारा वर्षांनी! आणि ह्या माणसाला १९८० मध्ये हॉल ऑफ फेम.

त्याच दालनात एफा मॅनलीचाही फलक आहे, तीही मालकीणच होती, आणि तिथे मात्र आम्ही दोघं बराच वेळ थांबलो. म्हणून माझा प्रश्न सरसकट नाहीये. पण एकूण विचार केला तर मला असं वाटतं की हॉल ऑफ फेम हे खेळणाऱ्यांचं घर आहे, फार तर मॅनेजर, अंपायर ठीक. पैसे लावणाऱ्याला त्याचा परतावा मिळालेलाच असतो ना? टीम विकताना मिळतोच, रोज गेटवर मिळतो. त्याला वर ब्राँझचा चेहरा कशाला?

तुमचं काय मत? इथे बेसबॉल बघणारे बरेच जण आहेत हे माहितीये, जाणकारांनी लिहा.

---

फेनवेच्या_मागे:

बोस्टनमध्ये सोळा वर्षं झाली, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

यॉकीबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते सगळं खरं आहे, त्यातली एकही गोष्ट खोटी म्हणता येणार नाही. फक्त इथल्या जुन्या लोकांशी बोललात तर दुसरी बाजूही ऐकू येते, तो खेळाडूंना सढळ हाताने पगार द्यायचा, आणि त्याच्या नावाच्या फाउंडेशनने कॅन्सर हॉस्पिटलला आणि मुलांच्या कामाला प्रचंड पैसा दिलाय, अजून देतात. माझ्या बायकोच्या मैत्रिणीच्या मुलावर इथेच उपचार झाले, त्या बिल्डिंगवर यॉकी नाव आहे. त्या आईला त्या नावाबद्दल काय वाटत असेल ते मी तिला विचारायला जाणार नाही.

पण हे दान झालं, बेसबॉल नाही झालं. स्टेडियमच्या बाहेरच्या रस्त्याला त्याचं नाव होतं, यॉकी वे, ते २०१८ मध्ये काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट केलं, आणि तशी मागणी रेड सॉक्सच्या आत्ताच्या मालकांनीच केली होती. रस्त्याची पाटी बदलता येते, कूपर्सटाउनचा फलक तसाच आहे. मला तो उतरवावा असं वाटत नाही, पण त्यावर १९४५ आणि १९५९ ही दोन सालं असायला हवीत. तुमच्या मुलीने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर तिला फलकावरच मिळालं असतं.

---

ब्रुकलिन_टू_पासाडेना:

माझं उत्तर हो आहे, मालकांना जागा असावी, आणि मी हे ज्याच्यासाठी म्हणतोय त्याचं नाव घेतलं की अर्धं ब्रुकलिन अजून खवळतं. वॉल्टर ओमॅली, डॉजर्सना ब्रुकलिनमधून लॉस एंजेलिसला नेणारा मालक.

मी आधी आठ वर्षं ब्रुकलिनला होतो. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहायचे, नव्वदीला टेकलेले, लहानपणी डॉजर्सच्या मैदानाच्या, एबेट्स फील्डच्या, तीन गल्ल्या पलीकडे राहायचे. त्यांच्याकडे कधी चहाला गेलो की बोलणं शेवटी डॉजर्सवर यायचंच. म्हणायचे, संध्याकाळी घरी परत येताना रेडिओ बरोबर न्यायची गरजच नसायची, गल्लीत प्रत्येक खिडकीतून कॉमेंट्री ऐकू यायची, चालत गेलं तरी एक बॉल चुकायचा नाही. १९५५ ला शेवटी एकदाची वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि दोनच वर्षांनी, २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्सवरची शेवटची मॅच. त्या मॅचला ते गेले नव्हते. का नाही गेलात विचारलं तर नुसतं हात हलवायचे. एकदा मला बरोबर घेऊन गेले तिथे, आता उंच उंच अपार्टमेंट आहेत, भिंतीत एक दगड बसवलाय की इथे पूर्वी एबेट्स फील्ड होतं. आजोबांनी दगडावर हात ठेवला आणि काही न बोलता परत फिरले. ओमॅलीचं नाव मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही, तो माणूस असं म्हणायचे.

त्यामुळे मला ते दुःख माहितीये. तरीही सांगतो. ओमॅलीला ब्रुकलिन सोडायचंच होतं हे पूर्ण खरं नाही, त्याला फ्लॅटबुश आणि अटलांटिक अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर नवं स्टेडियम हवं होतं, स्वतःच्या पैशाने बांधायची तयारी होती, फक्त जमीन गोळा करून द्या म्हणत होता. रॉबर्ट मोझेस, ज्याच्या शब्दाबाहेर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये वीटही हलत नव्हती, त्याने नकार दिला आणि क्वीन्समधली जागा दाखवली. क्वीन्सला गेलेली टीम ब्रुकलिनची कशी राहणार? मग गडी लॉस एंजेलिसला गेला आणि जाताना न्यूयॉर्कच्याच जायंट्स टीमच्या मालकालाही सॅन फ्रान्सिस्कोला जायला तयार केलं. तोपर्यंत कॅन्सस सिटीच्या पश्चिमेला मेजर लीगची एकही टीम नव्हती, म्हणजे अर्धा देश ही लीग फक्त पेपरात वाचायचा. १९५९ च्या वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या मॅचला लॉस एंजेलिस कोलिझियममध्ये ९२,७०६ माणसं होती. १९६२ ला डॉजर स्टेडियम उघडलं, ते बांधायला सरकारी पैसा नाही, मालकाचा पैसा. आजचे मालक शहराला वेठीला धरून करदात्यांच्या पैशाने स्टेडियम बांधून घेतात ते बघितलं की ओमॅली मला वेगळाच वाटतो.

हां, आता जमिनीचं सांगायलाच हवं, नाहीतर मी अर्धवट सांगितल्यासारखं होईल. ती टेकडी, चावेझ रविन, तिथे मेक्सिकन कुटुंबं राहायची. शहराने त्यांना स्वस्त सरकारी घरं बांधतो म्हणून पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला हलवलं, घरं बांधलीच नाहीत, आणि पुढे तीच जमीन डॉजर्सला गेली. जी शेवटची कुटुंबं हटायला तयार नव्हती त्यांना मे १९५९ मध्ये पोलिसांनी उचलून बाहेर काढलं आणि मागून बुलडोझर आला. मूळ पाप शहराचं, पण फायदा कोणाचा झाला तेही दिसतंच. माझ्या ऑफिसात एक जण आहे, त्याची आजी त्या टेकडीवरची. तो आजही डॉजर्सची टोपी घालत नाही.

तर असा माणूस. दोन ठिकाणी माणसं रडली आणि खेळ मात्र देशभर पोचला. २००८ ला त्याला घेतलं, मला ते योग्य वाटतं. हॉल ऑफ फेम म्हणजे संतांची यादी नाही, खेळ कोणामुळे बदलला त्याची नोंद आहे.

---

लालबागचा_माणूस:

ब्रुकलिनभाऊ, फार छान लिहिलंय, आजोबांचा दगडावरचा हात डोळ्यापुढे आला. पण २००८ च्या त्याच निवडीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण तिथेच माझं डोकं फिरतं.

मतदान झालं ते डिसेंबर २००७ ला. बारा जणांची कमिटी, निवडून यायला नऊ मतं पाहिजेत. ओमॅलीला बरोब्बर नऊ. पायरेट्सचे जुने मालक बार्नी ड्रायफस ह्यांना दहा. माजी कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, बोवी क्यून ह्यांना दहा. आणि मार्विन मिलरना? तीन.

मिलर म्हणजे कोण हे माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. १९६६ मध्ये खेळाडूंच्या युनियनचे प्रमुख झाले, त्याआधी स्टील कामगारांच्या युनियनमध्ये होते. तेव्हा मेजर लीगमध्ये कमीत कमी पगार वर्षाला ६,००० डॉलर होता, सरासरी १९,००० च्या आसपास, आणि खेळाडू सुट्टीत विमा विकायचे, दुकानात काम करायचे. करारात रिझर्व्ह क्लॉज नावाचं एक कलम होतं, त्यामुळे करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा, मालकाच्या मनात आलं तर दुसऱ्याला विकणार, खेळाडूने नाही म्हटलं तर घरी बसायचं, जन्मभर. मिलरनी १९६८ ला लीगशी पहिला सामुदायिक करार केला, आणि १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवादाकडून निकाल आला आणि ते कलम मोडीत निघालं. १९८२ ला मिलर निवृत्त झाले तेव्हा सरासरी पगार दोन लाखांच्या वर गेला होता. आणि त्यामुळे मालक बुडाले का? नाही, उलट टीमच्या किमती कुठल्या कुठे गेल्या.

आता ती बारा जणांची कमिटी बघा. सात जण टीमचे मालक, अध्यक्ष किंवा लीगचे माजी अधिकारी, तीन पत्रकार, आणि खेळाडू फक्त दोन. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय होणार! ज्या क्यूनना मिलरनी प्रत्येक वाटाघाटीत हरवलं ते आत आणि जिंकलेला बाहेर. मिलरनी २००८ मध्ये स्वतः पत्र लिहून सांगितलं की माझं नाव यापुढे ठेवू नका. तरी ठेवलं, २०१० ला सोळापैकी अकरा मतं पडली, बारा लागत होती, एका मताने गेले. २०१२ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. मग २०१९ ला निवडून आले, आणि सोहळा सप्टेंबर २०२१ मध्ये, तेव्हा टाळ्या ऐकायला ते नव्हते.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होतो, आणि वडील त्यानंतर परत खात्यात गेलेच नाहीत. त्यामुळे मालक आणि कामगार हा विषय निघाला की मला तटस्थ राहता येत नाही, राहायचंही नाही. मला विचाराल तर मालकाला आत घ्यायचं की नाही हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न मत कोण देतंय हा आहे.

आणि कर्ट फ्लड? सात वेळा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचं बक्षीस, मिळालेला सेंटर फील्डर. १९६९ ला कार्डिनल्सनी त्याला न विचारता फिलीजना देऊन टाकलं, त्याने कमिशनरला पत्र लिहिलं की मी काही विकायची वस्तू नाही, आणि पुढे थेट कोर्टात गेला. १९७२ ला सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध तीन असा हरला. करिअर गेलं, पैसा गेला, दारू लागली, आणि तीन वर्षांनी बाकीच्या सगळ्यांना ते मिळालं जे त्याने मागितलं होतं. फ्लड अजून बाहेर आहे. बड सेलिग आत आहेत, २०१७ पासून. ऐंशीच्या दशकात मालकांनी आपापसात ठरवून फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या, खेळाडूंना बोली लावायची नाही असं केलं होतं, लवादाने ते पकडलं आणि मालकांना २८ कोटी डॉलर द्यावे लागले, त्या वेळी सेलिग मिलवॉकीच्या टीमचे मालक होते. १९९४ ला वर्ल्ड सिरीज रद्द झाली, १९०४ नंतर पहिल्यांदा, तेव्हा लीगची सूत्रं त्यांच्याकडे होती. हे आत आणि फ्लड बाहेर, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

---

खासबागचा_पठ्ठ्या:

मी बेसबॉल फारसा बघत नाही, पोरगा ह्यूस्टनला आहे म्हणून थोडंफार कळतं. पण विषय चांगला काढलाय म्हणून दोन शब्द.

आमच्या कोल्हापुरात खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली. महाराज स्वतः तालमीत उतरलेले, पैलवानांच्या खुराकापासून सगळं बघणारे, आणि बाहेरच्या पैलवानांनाही इथं आणून सांभाळलं. कोल्हापुरात कुस्तीचं नाव घेतलं आणि महाराजांचं नाव घेतलं नाही असं होतच नाही. त्यामुळं खेळ फक्त खेळणाऱ्याचा असतो हे मला तरी पटत नाही. आखाड्याला माती कुणीतरी घालावी लागती.

पण आश्रय देणं वेगळं आणि मालकी वेगळी. आश्रय देणारा पैलवानाला बांधून घालत नाही. लालबागच्या भाऊंनी ते कलम सांगितलं, करार संपला तरी माणूस माझा, त्याला आश्रय नाही म्हणत.

---

पॅटरसनकरीण:

एडिसनच्या दादांनी एफा मॅनलीचं नाव घेऊन पुढे काही लिहिलंच नाही, मी कधीपासून वाट बघतेय कोणी लिहील म्हणून. मग मीच लिहिते, मोठं होईल, सांभाळून घ्या.

नेवार्क आपल्याला शेजारी आहे पण तिथे नेवार्क ईगल्स नावाची टीम होती हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? निग्रो लीग म्हणजे काळ्या खेळाडूंची वेगळी लीग, तिच्यातली टीम, मालक एब मॅनली आणि त्यांची बायको एफा, पण खरा कारभार एफाच बघायची. वेळापत्रक, पगार, करार, बस, जाहिराती सगळं. त्याआधी १९३४ मध्ये हार्लेममध्ये जी दुकानं काळ्या गिऱ्हाइकांकडून पैसे घेतात पण काळ्या मुलींना नोकरी देत नाहीत त्यांच्यावर बहिष्कार घालायच्या चळवळीत ती पुढे होती. ईगल्सच्या ग्राउंडवर सामाजिक कामांसाठी निधी गोळा व्हायचा. १९४६ ला ईगल्सनी कॅन्सस सिटी मोनार्क्सना सात मॅचच्या सिरीजमध्ये ४-३ असं हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली, समोर सॅचेल पेजसारखा नावाजलेला पिचर होता! त्या टीममध्ये लॅरी डोबी, मॉन्टी अर्विन, लिऑन डे होते, तिघंही आज हॉल ऑफ फेममध्ये.

आणि गंमत बघा ईगल्स खेळायचे कुठे, तर नेवार्कच्या रूपर्ट स्टेडियममध्ये. रूपर्ट म्हणजे यांकीजचे मालक जेकब रूपर्ट, बिअरवाले, ज्यांनी बेब रूथला बोस्टनकडून एक लाख डॉलरला घेतलं आणि १९२३ ला यांकी स्टेडियम उभं केलं. स्टेडियम यांकीजच्या नेवार्कमधल्या मायनर लीग टीमचं, ईगल्स तिथे भाडेकरू. मालक रूपर्ट २०१३ ला हॉल ऑफ फेममध्ये गेले आणि त्यांच्या ग्राउंडवर भाड्याने खेळणाऱ्या टीमची मालकीण त्यांच्या सात वर्षं आधी, २००६ ला. हॉलमध्ये आजपर्यंत ती एकटीच बाई आहे.

आता मालकीण म्हणून तिने काय केलं ते सांगते. डॉजर्सचे ब्रँच रिकी, ज्यांनी रॉबिन्सनला आणलं, त्यांचं मोठेपण मी नाकारत नाही, पण रॉबिन्सनला मोनार्क्सकडून घेताना त्यांनी मोनार्क्सला एक दमडी दिली नाही. ईगल्सचा डॉन न्यूकम्ब नेला तेव्हाही नाही. निग्रो लीगचे करार हे करारच नाहीत असं म्हणून मोकळे झाले. मॅनली गप्प बसली नाही. १९४७ मध्ये क्लीव्हलँडचे मालक बिल व्हेक डोबीसाठी आले तेव्हा तिने भाव केला आणि एकूण १५,००० डॉलर घेतले. पुढे रिकींनी मॉन्टी अर्विनलाही तसंच फुकट न्यायचं ठरवलं, तेव्हा ती आडवी आली, शेवटी डॉजर्सनी नाद सोडला आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी ५,००० डॉलर देऊन त्याला घेतलं. रक्कम छोटीच, गोऱ्या खेळाडूसाठी कितीतरी जास्त दिले असते. पण काळ्या टीमच्या कराराला किंमत आहे हे तिने गोऱ्या मालकांकडून कबूल करून घेतलं. आणि हे करताना तिला पक्कं माहीत होतं की हे खेळाडू गेले की प्रेक्षक जाणार, आणि प्रेक्षक गेले की माझी टीम संपणार. तसंच झालं, १९४८ नंतर मॅनलींनी टीम विकली. तरी तिने कोणाची वाट अडवली नाही.

लॅरी डोबी आमच्या पॅटरसनमध्ये वाढलेला. ५ जुलै १९४७ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये तो बॅटिंगला उतरला, अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू. आउट झाला त्या वेळी, स्ट्राइक आउट. मला ती एक मॅच नेहमी आठवते कारण त्यात तीन मालक एकत्र येतात बघा. विकणारी मॅनली, घेणारा व्हेक, आणि ज्याच्या नावाच्या मैदानावर हे झालं तो शिकागो व्हाइट सॉक्सचा जुना मालक चार्ल्स कॉमिस्की. तिघंही हॉलमध्ये आहेत. पैकी दोघांनी त्या दिवशी खेळासाठी काहीतरी पणाला लावलं होतं.

---

ब्राँक्समध्ये_मुक्काम:

ताई, जबरदस्त! डोबी-मॅनली-व्हेक हे असं एकत्र कधी लक्षातच आलं नव्हतं.

बिल व्हेकबद्दल थोडी भर घालतो कारण माझ्या मते मालक कसा असावा ह्याचं ते उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात पाय जखमी झाला, पुढे कापावा लागला, लाकडी पायावर आयुष्य काढलं. डोबीनंतर १९४८ मध्ये सॅचेल पेजला आणलं, वय ४२, लोक म्हणाले तमाशा आहे, आणि त्याच वर्षी क्लीव्हलँड वर्ल्ड सिरीज जिंकलं. लोकांना आनंद मिळावा म्हणून काहीही करायचा, शिकागोत होमरन झाला की आतषबाजी करणारा स्कोअरबोर्ड लावला, खेळाडूंच्या पाठीवर नावं छापली म्हणजे वरच्या स्वस्त सीटवरच्या माणसालाही कोण खेळतोय ते कळावं. पण मला सर्वात मोठं वाटतं ते वेगळंच. लालबागचे दादा, तुमच्या कर्ट फ्लडची केस १९७० मध्ये कोर्टात उभी राहिली तेव्हा त्या वेळी लीगमध्ये खेळणारा एकही खेळाडू त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आला नाही, सगळे घाबरले होते. जॅकी रॉबिन्सन आला, जुना खेळाडू हँक ग्रीनबर्ग आला, आणि बिल व्हेक आला. एकेकाळी तीन टीमचा मालक राहिलेला माणूस, ज्या कलमावर सगळ्या मालकांची मालकी उभी होती त्याच्या विरोधात साक्षीला!

कॉमिस्कीबद्दल एक दुरुस्ती, कोणी काढायच्या आधी मीच काढतो. १९१९ ला व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी जे मॅच फिक्सिंग केलं त्याला कॉमिस्कीचा चिकटपणा कारणीभूत असं सगळीकडे सांगतात, पण पगाराच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्यात आणि व्हाइट सॉक्सचा पगारखर्च त्या वेळी लीगमध्ये वरच्या टीमच्या बरोबरीचा होता. शिवाय कॉमिस्की नुसता मालक नव्हता, सेंट लुइसला खेळाडू-मॅनेजर म्हणून १८८५ ते १८८८ सलग चार वेळा लीग जिंकलाय. त्यामुळे तो ह्या वादात अर्धा बसतो.

आता माझं दुखणं. जॉर्ज स्टाइनब्रेनर. यांकीजचा चाहता म्हणून लिहितोय, मान्य. १९७३ ला एक कोटी डॉलरच्या आसपास रकमेला टीम घेतली, तेव्हा यांकीजची अवस्था वाईट होती, आणि त्याच्या हातात असताना सात वर्ल्ड सिरीज आल्या. मिलरनी दरवाजा उघडला ते खरं, पण त्या दरवाजातून पहिल्यांदा पैसे घेऊन आत आलेला मालक हाच, कॅटफिश हंटर, रेजी जॅक्सन असे मोठे खेळाडू घेतले, बाकीचे मालक कपाळाला हात लावून बसले होते तेव्हा हा चेक फाडत होता. खेळाडूंचे पगार वर गेले त्यात ह्याचा वाटा नाही असं कोण म्हणेल? तरी बऱ्याचदा नाव येऊनही कमिटीत फार कमी मतं पडतात.

आणि दोन काळे डाग आहेत ते लपवत नाही. १९७४ मध्ये निक्सनच्या निवडणुकीला बेकायदा पैसे दिल्याबद्दल निलंबन, आणि १९९० मध्ये त्याहून वाईट, स्वतःच्याच टीमच्या डेव्ह विनफिल्डविरुद्ध काहीतरी शोधून काढायला एका जुगारी माणसाला ४०,००० डॉलर दिले, कमिशनरने त्याला बाहेर काढलं, १९९३ ला परत आला. मी त्याला आत घ्या म्हणायचो. ताईंचं वाचल्यावर मात्र जरा थांबलोय. स्वतःच्या खेळाडूच्या मागे माणूस लावणारा आणि स्वतःची टीम संपणार हे माहीत असून खेळाडूला वाट देणारी, हे दोघं एका भिंतीवर शोभतील का, मला सांगता येत नाही.

---

एडिसनचा_बाबा:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

माझं मत बदललंय, म्हणजे अर्धं. मालकांना जागाच नको हे मागे घेतो. खासबागवाले काका, तुमची आखाड्याची माती पटली. पण मालकाचं मोजमाप खेळाडूच्या मापाने होऊ नये असं आता ठाम वाटतं. किती वेळा जिंकला हे मालकाचं माप नाही, ते पैशाने येतं आणि फलकावर दुसऱ्यांची नावं असतात त्यासाठी. मालकाने खेळासाठी स्वतःच्या पदरचं काय घातलं, कोणासाठी दार उघडलं, आणि दार उघडायची वेळ आली तेव्हा कुठल्या बाजूला उभा होता, एवढं बघावं. ह्या मापाने मॅनली आणि व्हेक आत, मोनार्क्सचे मालक विल्किन्सन आत. यॉकी नाही. एप्रिल १९४५ ला दार त्याच्याच घराचं होतं आणि ठोठावणारा रॉबिन्सन होता, ह्यापेक्षा सोपी परीक्षा कुठल्या मालकाला आली असेल?

ओमॅलीबद्दल ब्रुकलिनभाऊ तुमच्याइतकी खात्री मला वाटत नाही. खेळ देशभर पोचला हे खरं, पण त्याची किंमत त्याने स्वतः दिली नाही, तुमच्या आजोबांनी दिली आणि त्या टेकडीवरच्या आजीने दिली. तरी त्याला काढा असंही मी म्हणणार नाही.

काल रात्री लेकीला डोबीची गोष्ट सांगितली, पॅटरसन म्हटल्यावर तिचे डोळे मोठे झाले कारण तिची टीम तिथे मॅच खेळून आलीये. मग तिने विचारलं की तो पहिल्यांदा आउट झाला तर त्याला परत खेळवलं का. मी म्हटलं हो, पुढच्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला. मग कर्ट फ्लडचंही थोडं सांगितलं, जमेल तसं, दारूचं वगळून. तर आता तिला त्याचा फलक बघायचाय आणि तो नाहीये.

---

लालबागचा_माणूस:

बाबा, मुलीला सांगा, जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी जी क्लासिक एरा कमिटी आहे ती डिसेंबर २०२७ मध्ये बसणार आहे. सोळा जण असतात, बारा मतं लागतात. फ्लडचं नाव आधी यादीत यावं लागेल.

आलं तर मी सुट्टी टाकून येतो कूपर्सटाउनला. जुलैत सोहळा असतो, हॉटेलं महिनोन्महिने आधी भरतात, बुकिंग एकत्रच करू.